सालबाई ते वसई : परक्यांस मज्जाव करण्याचा हक्क

१

वसईचा तह ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं झाला. ह्या तहाविषयीं मराठींत व इंग्रजींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तैनाती फौज, सव्वीस लक्षांचा मुलूख आणि पेशव्यांच्या स्वातंत्र्याचा अस्त ह्या तीन गोष्टी कोणत्याही इतिहासांत वाचावयास मिळतात. त्यांचा पुनरुच्चार करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. मराठी मंडळ एक असतां परकीय सत्तांच्या वखारींस, व्यापारास व माणसांस आपल्या मुलुखांत मज्जाव करण्याचा जो हक्क त्या मंडळाकडे होता, तो पेशवे मंडळांतून निघून गेल्यावर कोणाकडे गेला? हल्लींच्या राजकारणांत ज्यांस आर्थिक निर्बंध म्हणतात, त्यांचेंच हें जुनें रूप होय.

हा प्रश्न सुचण्याचें कारण सांगितलें पाहिजे. आम्ही विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराजवळ फुलपाड्यास राहतों. तेथून वसईचा किल्ला फार दूर नाहीं. विरारहून आगगाडीनें वसई रोड आणि पुढें रस्त्यानें किल्ला, हा प्रवास शाळेंत असतांना विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही अनेक वेळां केला. चिमाजी अप्पांचा पराक्रम सांगून झाला कीं, त्याच तटबंदीच्या सावलींत उभे राहून आम्ही मुलांस १८०२ ची गोष्ट सांगत असूं, आणि तींत एक वाक्य ठरलेलें असे : “बाजीरावसाहेबांनीं येथें सर्व युरोपियनांस आपल्या राज्यांतून घालवून देण्याचें कबूल केलें.” सेवानिवृत्तीनंतर एचिसनच्या तहसंग्रहांतील कलमें सावकाश वाचलीं, तेव्हां हें वाक्य चुकीचें आहे असें आमच्या ध्यानीं आलें. तहांत तसें लिहिलेलें नाहीं. जें लिहिलें आहे तें पुष्कळ सौम्य आहे. इतक्या कडक तहांत एवढें सौम्य कलम कां, ह्याचा शोध घेतां घेतां आम्हांस वीस वर्षें मागें सालबाईपर्यंत जावें लागलें. ज्या मुलांस चुकीचें सांगितलें तीं आतां पन्नाशीस आलीं. त्यांचें ऋण फेडण्याचा हा उशिराचा यत्न आहे.

२

सालबाईपूर्वींची स्थिति पाहिल्यावांचून त्या तहांतील कलमाचें मर्म कळत नाहीं. डिसेंबर १७७४ त इंग्रजांनीं ठाणें घेऊन साष्टी आपल्या ताब्यांत आणिली. पुढें मार्च १७७५ त राघोबादादांनीं सुरतेस तह करून साष्टीबरोबर वसईही इंग्रजांस लिहून दिली. राघोबादादा मंडळांतून फुटले. परंतु मंडळ त्यांच्याबरोबर फुटलें नाहीं. पुण्यास बारभाईंचा कारभार चालू होता. कलकत्त्याच्या सरकारानें मुंबईकरांचा हा तह मानला नाहीं आणि कर्नल अप्टन ह्यास पाठवून ता. १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरास दुसरा तह केला. एका फुटलेल्या पुरुषाचा शब्द मंडळास बांधूं शकला नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

१७७७ सालीं सेंट लुबीन नांवाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला. नाना फडणिसांनीं त्याचें स्वागत केलें, आणि चौलचें बंदर फ्रेंचांस मिळणार अशा वार्तेनें मुंबईच्या इंग्रजांची झोंप उडाली. नानांचा डाव उघड होता. एका टोपीकरास दुसऱ्या टोपीकराची भीति घालावयाची, आणि बंदर कोणास द्यावें व कोणास देऊं नये ही किल्ली मात्र आपल्या कमरेस ठेवावयाची. पुढील युद्धांत वडगांव झालें, जनरल गॉडर्डनें डिसेंबर १७८० त वसई घेतली, आणि अखेर ता. १७ मे १७८२ रोजीं ग्वाल्हेरनजीक सालबाई येथें तह ठरला. इंग्रजांच्या वतीनें डेव्हिड अँडरसन व पेशव्यांच्या वतीनें महादजी शिंदे ह्यांनीं तो ठरविला. वसई परत मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. नानांनीं पेशव्यांचा शिक्का होण्यास डिसेंबरापर्यंत वेळ लाविला.

ह्या तहांतील एका कलमाकडे इतिहासलेखकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. त्याचा आशय असा : पेशव्यांनीं आपल्या मुलुखांत, तसेंच आपल्या अधीन असलेल्या सरदारांच्या मुलुखांत, इतर कोणत्याही युरोपियन राष्ट्राची वखार स्थापन होऊं देऊं नये, पोर्तुगीजांच्या ज्या वखारी आधींच आहेत तेवढ्या अपवाद, आणि इतर युरोपियन राष्ट्रांशीं स्नेहाचें दळणवळणही ठेवूं नये.

कलम इंग्रजांच्या सोयीचें आहे, हें सांगावयास नको. तरीही त्याच्या शब्दांतून तीन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, मज्जाव करणारा पेशवा आहे. इंग्रज मागणी करितो; दार लावितो तो पुण्याचा दरबार. दुसरी ही कीं, पेशवा केवळ स्वतःच्या मुलुखाबद्दल बोलत नाहीं, सरदारांच्या मुलुखाबद्दलही बोलतो, आणि इंग्रज त्याचा तो अधिकार लेखी मान्य करितात. गुजराथेंतील बंदर असो वा माळव्यांतील पेठ असो, बंदीचा हुकूम एकाच ठिकाणाहून निघावयाचा. तिसरी गोष्ट अपवादाची. पोर्तुगीज हे इंग्रजांचे जुने दोस्त, हें तर खरेंच. पण पेशव्यांनींही १७७९ सालीं त्यांच्याशीं तह केला होता, आणि त्याच व्यवहारांतून पुढें नगरहवेलीचीं गांवें त्यांच्याकडे गेलीं. अर्थात् हा अपवाद दोन्ही पक्षांस मानवणारा होता. ज्या बंदींत दोन्ही पक्षांच्या सोयीचा अपवाद असतो, ती एका पक्षानें दुसऱ्यावर लादलेली नसून घासाघीस करून ठरलेली असते, असें आम्ही समजतों.

शिवाय ह्या तहास महादजी शिंदे जामीन होते. म्हणजे बंदीचा करार मंडळाच्या प्रमुखानें केला आणि त्याची हमी मंडळाच्या एका घटकानें घेतली. मराठी मंडळास एकराज्याचें स्वरूप नव्हतें हें कबूल. परंतु परराष्ट्रांच्या व्यापाराविषयीं तें एका तोंडानें बोलत होतें, ह्यास ह्याहून स्पष्ट पुरावा मिळणें कठीण.

३

सालबाईचें कलम वखारींविषयीं बोलतें, माणसांविषयीं बोलत नाहीं. ही फट लहान दिसते. पण पुढील वीस वर्षांचा इतिहास तिच्यांतूनच शिरला. १७८४ सालीं महादजींनीं सॅव्हॉयचा द बॉयन ह्यास चाकरीस ठेविलें आणि त्याच्याकडून कवायती पलटणी तयार करविल्या. तो निघून गेल्यावर त्याची जागा पेरॉं ह्या फ्रेंच माणसानें घेतली. फ्रान्सची एकही नवी वखार मराठी मुलुखांत झाली नाहीं. पण फ्रेंच माणसाच्या हुकमतीखालीं दिल्लीच्या आसमंतांत मोठी फौज उभी राहिली. सालबाईचा शब्द न शब्द पाळला गेला, आणि इंग्रजांचा हेतु मात्र तडीस गेला नाहीं.

मज्जावाचीं कलमें लिहिणारांस हा धडा कायमचा आहे. माल अडविला तर माणूस येतो, माणूस अडविला तर हुंडी येते. म्हणून पुढच्या तहांत वखारींऐवजीं चाकरीचा उल्लेख येऊं लागतो. तहाच्या भाषेंतील हा फरक आधीं लक्षांत घेतला नाहीं, तर वसईचें कलम नीट समजत नाहीं.

मंडळ ह्यानंतरही कांहीं काळ एकत्र होतें. मार्च १७९५ त खर्ड्यास शिंदे, होळकर, भोसले व पेशवे एका रणांत उभे राहिले. हें त्यांचें अखेरचें एकत्र येणें ठरलें. त्यानंतर सवाई माधवराव गेले, १८०० सालीं नाना गेले, आणि एकेक घटक आपापल्या वाटेनें पाहूं लागला. मंडळाबाहेर पहिलें पाऊल गायकवाडांनीं टाकिलें. १८०२ च्या पूर्वार्धांत व मध्यास बडोदेकरांनीं कंपनीशीं स्वतंत्र करार करून तिची फौज घेतली. राघोबादादांच्या वेळेप्रमाणें पुण्याच्या दरबारास हें अमान्य करितां आलें असतें. परंतु अमान्य करणारा दरबारच त्या वर्षाअखेरीस उरला नाहीं.

४

ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे ह्यांच्या फौजेचा मोड केला. बाजीराव कोंकणांत उतरले आणि समुद्रमार्गें डिसेंबरांत वसईस आले. महिना संपतां संपतां तहावर सह्या झाल्या.

ह्या तहांतील युरोपियनांविषयींचें कलम असें आहे. प्रारंभीं म्हटलें आहे कीं, निरनिराळ्या देशांचे युरोपियन चाकरीस ठेवण्याची पेशव्यांची वहिवाट आहे. पुढें ठराव असा कीं, इंग्रज व एखादें युरोपियन राष्ट्र ह्यांच्यांत युद्ध सुरू झालें, आणि त्या राष्ट्राचा जो इसम पेशव्यांच्या चाकरींत असेल त्यानें इंग्रजांचें अहित योजिलें किंवा त्यांच्याविरुद्ध कारस्थान केलें असें उघडकीस आलें, तर अशा अपराधी इसमास पेशव्यांनीं काढून टाकावें व आपल्या राज्यांत राहूं देऊं नये.

ह्यांत दोन अटी आहेत. आधीं युद्ध असलें पाहिजे. आणि त्या विशिष्ट माणसाचा अपराध उघड झाला पाहिजे. ह्या दोन अटी पूर्ण होईपर्यंत कोणाही फ्रेंच माणसास पुण्याच्या चाकरींत राहण्यास ह्या कलमानें अडथळा नाहीं. वखारींचा तर त्यांत उल्लेखच नाहीं. सालबाईच्या मानानें हें कलम ढिलें आहे. मग इंग्रजांनीं, सर्व डाव हातीं असतां, असें ढिलें कलम कां पत्करिलें?

आमचें उत्तर असें कीं, ह्या कलमाची त्यांस फारशी गरज उरली नव्हती. त्याच तहाच्या अखेरीकडे दुसरें एक कलम आहे. त्यांत पेशव्यांनीं असें बांधून दिलें आहे कीं, कंपनी सरकारास आगाऊ कळविल्यावांचून व त्याच्याशीं मसलत केल्यावांचून आपण दुसऱ्या कोणत्याही सत्तेशीं बोलणें सुरू करणार नाहीं व चालू ठेवणारही नाहीं. ज्याच्या परवानगीवांचून दुसऱ्याशीं बोलतांच येत नाहीं, त्यानें त्या दुसऱ्यास वखार देऊं नये असें निराळें लिहून घेण्याचें प्रयोजन काय? सालबाईस एक विशिष्ट मनाई मागितली होती. वसईस मनाई करण्याचा अधिकारच घेतला गेला. पहिल्यांत शब्द कडक पण हक्क पेशव्यांचा. दुसऱ्यांत शब्द मऊ आणि हक्क कंपनीचा. आमच्या वर्गांतील चूक येथेंच होती. आम्ही बंदीचा कडकपणा शोधीत होतों. पाहावयास पाहिजे होतें तें बंदी घालणारा कोण हें.

ह्याचा प्रत्यय येण्यास सहा महिनेही लागले नाहींत. तह झाला त्या दिवशीं इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यांत शांतता होती. मार्च १८०२ त अमीन्स येथें त्यांचा तह झालेला होता. त्यामुळें पहिली अट अपुरी होती आणि कलम निजलेलें होतें. ता. १३ मे १८०३ रोजीं बाजीराव इंग्रजी फौजेच्या संगतीनें पुण्यास येऊन गादीवर बसले. त्यानंतर पांचव्या दिवशीं, ता. १८ मे रोजीं, इंग्लंडनें फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारिलें. ती बातमी हिंदुस्थानांत पोंचण्यास महिने लागले. पण कलमाच्या दृष्टीनें पेशव्यांचा चाकर त्याच दिवशीं शत्रुपक्षाचा झाला. कोणाविरुद्ध केव्हां मज्जाव लागू व्हावा हें शनिवारवाड्यांत ठरावयाचें बंद होऊन लंडनांत ठरूं लागलें, आणि शनिवारवाड्यास तें मागाहून कळूं लागलें.

जकातीच्या बाबतींतही हेंच दिसतें. तैनाती फौजेसाठीं लागणारें धान्य, इतर खाण्याच्या वस्तु, कापडचोपड, आणि आवश्यक ते बैल, घोडे व उंट ह्यांस पेशव्यांच्या राज्यांत जकात माफ असावी असें तहांत ठरलें. सहा हजारांहून कमी नाहीं इतक्या कायमच्या पायदळाच्या बाजाराची ही माफी होती. जकातीचा नाका हा केवळ उत्पन्नाचा नसतो; कोणता माल जातो, कोणाचा जातो, किती जातो हें पाहण्याचा तो डोळा असतो. ज्या मालास जकात नाहीं, त्यावर नजरही राहत नाहीं. होळकरांच्या स्वाऱ्यांमागून १८०३-०४ त दक्षिणेंत दुष्काळ पडला. त्या दिवसांत दाण्याची वाहतूक हा जीवनमरणाचा प्रश्न असतां राज्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे नाकेदारास पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

५

मंडळाचा प्रमुख बाहेर पडला. मागें राहिलेल्यांचें काय झालें? शिंदे व भोसले ह्यांची मुख्य तक्रार हीच होती कीं, पेशव्यांनीं आम्हांस न विचारतां तह केला. सालबाईच्या तहास शिंद्यांचें घराणें जामीन असल्यामुळें त्यांचें अनुमत घेणें अवश्य होतें, असें दौलतरावांच्या बाजूनें मांडण्यांत आलें. ह्या तक्रारीस अनेक इंग्रज ग्रंथकार केवळ सबब म्हणतात. आम्हांस तींत कायद्याचा मुद्दा दिसतो. सालबाईची बंदी पेशव्यांनीं सरदारांच्या मुलुखासकट कबूल केली होती. आतां पेशवाच दुसऱ्याच्या मसलतीनें चालणार, तर त्यानें सरदारांच्या वतीनें दिलेला शब्द कोणाचा समजावयाचा? जामिनानें मूळ करार बदलतांना आपणांस विचारावें असें म्हटलें, तर तें वावगें नाहीं.

हा वाद मसलतीनें मिटला नाहीं. असई, आरगांव, दिल्ली व लासवारी येथील लढायांनीं मिटला. ता. १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवास भोसल्यांशीं आणि ता. ३० डिसेंबर रोजीं सुर्जी-अंजनगांवास शिंद्यांशीं निरनिराळे तह झाले. वसईच्या तहास एक वर्ष होण्यास एकच दिवस उरला होता.

ह्या दोन तहांतील कलम वसईच्या कलमाजवळ ठेवून पाहावें. त्यांत अपराध सिद्ध होण्याची अट नाहीं. कोणाही फ्रेंच माणसास, तसेंच ज्या युरोपियन किंवा अमेरिकन सत्तेचें इंग्रजांशीं युद्ध असेल तिच्या कोणाही प्रजाजनास, चाकरीस घेऊं नये व ठेवूं नये; इतकेंच नव्हे, तर इंग्रजांच्या प्रजेपैकीं माणूसही त्यांच्या संमतीवांचून ठेवूं नये, असें त्यांत आहे. “अमेरिकन” हा शब्द वाचून आम्ही थांबलों. जून १८१२ त युनायटेड स्टेट्स व इंग्लंड ह्यांचें युद्ध जुंपलें. त्या क्षणीं ह्या कलमांच्या बळानें नागपूर व ग्वाल्हेर ह्या दोन्ही दरबारांचा अमेरिकेच्या प्रजाजनांस मज्जाव झाला. ज्या देशाशीं आपलें ना वैर ना व्यवहार, त्या देशाविरुद्धही आपल्या नांवानें बंदी असावी, ही परावलंबनाची परिसीमा म्हटली पाहिजे.

१७८२ त एक बंदी होती, एक करणारा होता आणि ती सर्व मंडळास लागू होती. १८०३ च्या अखेरीस वसईची एक, देवगांवची एक, अंजनगांवची एक अशा तीन निरनिराळ्या बंद्या झाल्या, आणि गायकवाडांचा करार त्यांहून वेगळा. शब्द भिन्न, कडकपणा भिन्न. पण चौघांचीही दोरी एकाच हातीं. मंडळ फुटलें म्हणून बंदी फुटली नाहीं. तिचे तुकडे कंपनीनें एकत्र बांधिले. मराठी मंडळ जें एका तोंडानें बोलत असे, तें आतां कंपनी चार दरबारांच्या तोंडून बोलूं लागली.

तरीही कागदावर मंडळ अजून जिवंत होतें. तें मोडल्याची कबुली ता. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत बाजीरावांकडून लिहून घेण्यांत आली. मराठी मंडळाचें विसर्जन त्यांनीं मान्य केलें; इतर दरबारीं आपले वकील ठेवणें व त्यांचे आपल्याकडे येऊं देणें बंद झालें; जें बोलावयाचें तें रेसिडेंटाच्या द्वारें. प्रत्यक्ष बाहेर पडणें आणि बाहेर पडल्याचा दाखला मिळणें ह्यांत साडेचौदा वर्षें गेलीं. दाखला मिळाला त्या वर्षींच नोव्हेंबरांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें.

६

संस्कृत नीतिशास्त्राच्या अभ्यासकांस ह्या प्रकारांत अपरिचित असें कांहीं नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणांत संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव असे सहा गुण सांगितले आहेत. त्यांतील संधि आणि संश्रय हे वेगळे आहेत. संधि हा पणबंध होय. दोघेही आपापल्या अटी घालितात. संश्रय म्हणजे स्वतःस दुसऱ्याच्या स्वाधीन करणें. सालबाईस संधि झाला. वसईस नांव संधीचें व वस्तु संश्रयाची होती. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाच्या प्रकरणीं शस्त्रें, कवचें, लोह, रथ, रत्नें, धान्य व पशु हीं राज्याबाहेर जाऊं देऊं नयेत अशी मनाई आहे. काय अडवावें हें ठरविणें राज्याच्या अंगभूत कामांपैकीं एक आहे, असें हा ग्रंथ धरून चालतो. जो संश्रय करितो त्याचें हें काम प्रथम जातें. मुलूख मागाहून जातो.

वसईच्या भूमीनें हें एकदां आधींही पाहिलें होतें. डिसेंबर १५३४ त गुजराथचा सुलतान बहादुरशाह ह्यानें हुमायूनच्या भीतीनें पोर्तुगीजांशीं तह करून वसई व तिच्याखालील मुलूख त्यांस दिला. त्याबरोबर अशाही अटी होत्या कीं, तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराथी गलबतांनीं वसईहून निघावें व परततांना तेथें येऊन जकात भरावी. पोर्तुगीजांच्या परवान्यावांचून, म्हणजे कार्ताझावांचून, कोणीं समुद्रांत जाऊं नये. गुजराथच्या बंदरांत लढाऊ गलबतें बांधूं नयेत. आणि रूमी लोकांस, म्हणजे तुर्कांस, थारा देऊं नये. तेथें हुमायून, येथें होळकर. तेथें फिरंगी, येथें इंग्रज. पाठीमागें शत्रु लागलेला राजा ज्याच्या दारीं जातो, त्यास तो पहिल्यानें आपल्या दाराची किल्ली देतो.

७

येथें एक आक्षेप येईल. बाजीरावांच्या हातीं मंडळ असें उरलेंच कोठें होतें? होळकरांनीं पुणें घेतल्यावर ते मंडळांतून बाहेर पडले असें म्हणण्यापेक्षां मंडळानेंच त्यांस बाहेर लोटलें असें कां म्हणूं नये? आक्षेपांत तथ्य आहे, आणि बाजीरावांच्या एकट्याच्या माथीं सर्व दोष मारण्याची आमची इच्छाही नाहीं. परंतु राघोबादादांचें उदाहरण येथें उपयोगी पडतें. १७७५ त घटक फुटला आणि मंडळाची सत्ता जशीच्या तशी राहिली. १८०२ त मस्तकच निघालें. फांदी तुटली तर झाडास भोंक पडतें. खोड दुसऱ्यानें नेलें तर फांद्यांचें काय करावयाचें हें तोच ठरवितो. यशवंतरावांस पुणें घेतां आलें. परंतु पेशव्यांचा शिक्का घेतां आला नाहीं, आणि तहावर चालला तो शिक्काच.

आपल्या काळांतील दोन दाखले ह्याच कसोटीस लावून पाहूं. १९४७ नंतर स्वतंत्र झालेल्या भारतानें गोमंतकाच्या प्रश्नावर १९५५ सालीं पोर्तुगीज मुलुखाची आर्थिक नाकेबंदी केली. आगगाडीची वाहतूक थांबली, मालाची ये-जा थांबली. साम्राज्यांतून बाहेर पडल्यामुळें हा हक्क पुन्हा ह्या भूमीच्या हातीं आला होता. परंतु बंदी एकट्याची होती. गोव्यांत बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानांतून, चहा सिलोनहून व सिमेंट जपानहून येऊं लागलें, आणि गोव्याचें लोखंडी खनिज परदेशीं जात राहिलें. प्रश्न सुटला तो डिसेंबर १९६१ त फौजेनें. हक्क होता; त्यास पोंच देणारें मंडळ नव्हतें.

दुसरा दाखला खुद्द इंग्रजांचा. ब्रिटन ता. ३१ जानेवारी २०२० रोजीं युरोपीय संघांतून बाहेर पडलें. परराष्ट्रांवरील निर्बंध तोंवर बहुतांशीं संघाच्या कायद्यानें लागू होत. बाहेर पडतांच ते निराधार होऊं नयेत म्हणून पार्लमेंटनें २०१८ सालींच स्वतंत्र कायदा करून ठेविला, आणि संक्रमणाचा काळ ता. ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपतांच तो पूर्णपणें चालू झाला. योगायोग असा कीं, वसईच्या तहाचीही तारीख हीच. पुढें २०२२ त रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यावर ब्रिटननें आपल्या स्वतंत्र याद्या केल्या, तरी संघाशीं व अमेरिकेशीं मसलत करूनच पावलें टाकिलीं. कारण एकट्याच्या बंदींतून माल शेजारच्या दारानें निघून जातो हें त्यांस ठाऊक होतें. हा घटक बाहेर पडला, पण दार लावण्याची किल्ली आधीं स्वतः घडवून मगच बाहेर पडला. वसईहून पुण्यास परतलेल्या पेशव्यांजवळ गादी होती, फौज होती, मुलूख होता. किल्ली तेवढी नव्हती.

८

येथवरच्या विवेचनाचें सार थोडक्यांत असें. राजकीय मंडळांतून कोणी बाहेर पडला म्हणजे परक्यांस मज्जाव करण्याचा हक्क नाहींसा होत नाहीं. तो कोणाच्या तरी हातीं जातो. बाहेर पडणारानें स्वतःची व्यवस्था आधीं केली असेल तर तो त्याच्या हातीं येतो, पण त्याची पोंच कमी होते. ज्याच्या आश्रयास जाण्यासाठीं तो बाहेर पडला असेल, तर हक्क व पोंच हीं दोन्हीं त्या आश्रयदात्याकडे जातात. सालबाई, वसई, देवगांव, अंजनगांव व पुणें ह्या पांच तहांतील कलमें एकापुढें एक ठेवून वाचलीं, तर हा प्रवास पायरीपायरीनें दिसतो. वसईचा एकटा तह वाचणारास तो दिसणार नाहीं. आम्हांस इतकीं वर्षें दिसला नाहीं.

मंडळाच्या सभासदांस व संग्राहकांस एक विनंति आहे. तहांचीं कलमें दरबारीं लिहिलीं जातात; तीं अंमलांत येतात तीं नाक्यावर, बंदरावर व पागेंत. १७८२ ते १८१८ ह्या काळांतील जकातीचे हिशेब, दस्तकें, बंदरांच्या कमाविसदारांचीं पत्रें व कवायती पलटणींच्या चाकरीच्या याद्या ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं त्या ह्या दृष्टीनें पुन्हा चाळाव्या. टोपीकराचें नांव यादींतून कोणत्या महिन्यांत गळलें, कोणत्या मालावर नाकेदारानें “माफ” असें लिहिलें, हीं लहान टिपणें आहेत. पण राज्याच्या दाराची किल्ली कोणत्या दिवशीं कोणाच्या कमरेस होती, हें त्यांवरूनच कळावयाचें आहे.